वारा लागू नये म्हणून

बाळ-बाळंतिणीचं न्हाणं उरकलं आणि शोभनाने शेगडीतल्या निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकला. छताला बसवलेला श्वासरक्षक लगेच बोलला, "बाळंतिणीची धुरी. संस्कार-स्थिती सुरू. खिडक्या बंद."

खोलीतली हवा सतत हुंगायची, विषारी वायू वाढला की बोंब ठोकून खिडक्या उघडायच्या, एवढंच खरं तर त्याचं काम. पण तो घराघरांत धूप-आरतीलाही ठणाणा करी. लोक वैतागले. मग बनवणाऱ्यांनी त्याला शिकवलं, की ओवा, धूप, लोबान यांचा वास आला की गप्प बसायचं आणि खिडक्या लावून घ्यायच्या.

"शोभना, खिडकी उघडायला सांग त्याला," स्टुलावर बसलेली अनुसयाआजी म्हणाली.

"आई, माझ्या लेकीला वारा लागेल! आणि तू तर जुन्या वळणाची."

"जुनी आहे म्हणूनच सांगते. माझी थोरली बहीण अशाच खोलीत गेली. वारा लागला, म्हणाले सगळे. अगं, दाराच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबल्या होत्या. वारा शिरणार कुठून?"

"तेव्हा हे यंत्र नव्हतं. काही असतं तर ओरडलं असतं की."

"आजी," बाजेवरून मैथिली पुटपुटली, "डोकं फार जड झालंय गं."

तिच्या कुशीतलं बाळ भुकेची वेळ टळली तरी रडत नव्हतं.

आजीने धुमसत्या शेगडीकडे पाहिलं. कोंदट जागेत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो गुपचूप बळकावतो. बहीण गेल्यावर तीस वर्षांनी एका डॉक्टरांनी तिला हे समजावलं होतं.

"खिडकी उघड रे!" ती छताकडे बघून ओरडली.

"धुरी संपल्यावर उघडेन, आजी."

"आजी म्हणतोस होय? मग आजीचं ऐकायचं!"

औषध कुटायचा पितळी बत्ता उचलून तिने काचेवर हाणला. तिसऱ्या घावाला काच खळ्ळकन फुटली.

"आई, वेड लागलं का तुला?"

"लागू दे! तू तुझी लेक उचल, मी बाळ घेते. आधी बाहेर हो, मग भांड."

बाहेरच्या गॅलरीत जानेवारीची गार हवा होती. मैथिलीला सावरत शोभनाने रुग्णवाहिका बोलावली. आजी दुपट्यातले इवलेसे तळवे चोळत राहिली. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला.

आत यंत्र आता जिवाच्या आकांताने ओरडत होतं, "सावधान! खोलीत वारा शिरला आहे!"

शोभनाचा चेहरा उतरला. आजीने बाळाला आणखी घट्ट धरलं.

"ऐकलंस? वाऱ्याला भ्यायला ह्याला कुणी शिकवलं गं?"