उजव्या कडेची पट्टी

सरका जरा, आणि ते मोबाइल पालथे ठेवा. माझ्या ओळखीतला एक जण घरी बसून संगणकावर पुस्तकांची पानं लावायचा. सगळे त्याला जुळारी म्हणायचे. त्याची ही गोष्ट. गेल्या मार्चमधली, दुसऱ्या शुक्रवारची रात्र.

त्या संध्याकाळी तो बंद पडलेला जुना, पेटीएवढा खोल मॉनिटर पोरासारखा छातीशी धरून दुकानं पालथी घालत होता. मॉनिटर त्याच्या बायकोचा, तीही पानंच लावायची. ती जाऊन वर्ष झालं होतं. बाई डावरी. हत्यारांची पट्टी, म्हणजे टूलबार, सगळे पडद्याच्या डावीकडे ठेवतात, ही उजवीकडे ठेवायची. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून ती पट्टी काचेतच करपली होती, तिचा फिकट डाग कायमचा उमटला होता. जुळाऱ्याला तेवढीच वाचवायची होती.

शेवटच्या दुकानातला कारागीर हसला. म्हणाला, "काका, याचे भाग आता मिळत नाहीत. मिळाले तरी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." त्याने जुना ठेवून घेतला, वापरलेला चपटा मॉनिटर स्वस्तात दिला. पांढरा पडदा लावून दाखवला. कुठे डाग नाही. नेमकं तेच जुळाऱ्याच्या जिवाला लागलं. पण कामाशिवाय चूल पेटत नाही. घेतला.

घरी आल्यावर वाटलं, निदान ती काच तरी मागून आणायची. सकाळी जाऊ, म्हणून आडवा झाला.

मध्यरात्रीनंतर जाग आली. पलीकडच्या खोलीत... धप्प. जुना मॉनिटर सुरू होताना व्हायचा तसा आवाज. चपटे असा आवाज करत नाहीत.

मग माउस. टिक. टिक.

दाराखालून उजेड.

ती अशीच जागायची. तो अंथरुणातून म्हणायचा, पुरे आता. ती म्हणायची, एवढं पान होऊ दे.

तो अंथरुणातूनच बोलला.

"पुरे आता... झोप."

टिकटिक थांबली.

तो उत्तराची वाट बघत राहिला...

उजेड गेला.

उठायचं धैर्य झालं नाही. पण खरं सांगू? भीतीपेक्षा त्याला एकटं फार वाटलं.

सकाळी त्याने पांढरं पान उघडून पाहिलं, आणि मॉनिटर उचलून दुकान गाठलं. जुना रात्रीच भंगारात गेला होता. कारागिराने चपटा लावून पाहिला, बाहीने काच पुसून पाहिली. असा डाग पडायला वर्षं जातात, म्हणाला, काल नव्हता. फुकट बदलून देतो.

"नको," जुळारी म्हणाला. "राहू दे."

आजही त्याच्याकडे जा. पडद्यावर फिकट पट्टी आहे. उजवीकडे.