घरात येऊन बसलेले

“जाळीत दगड ओतायचा नाही. एकेक हाताने बसवायचा.”

हे माझ्या सासऱ्यांचं सांगणं. नदीकाठाला दगडी जाळ्या बांधण्यात त्यांचा जन्म गेला. आमचं घर झालं तेव्हा ते नव्हते, पण ह्यांनी अगदी तसंच बांधलं. तारेच्या पेट्या, आत गच्च दगड, वरून झाकण तारेने शिवलेलं. पायाही त्याचाच, भिंतीही त्याच्याच.

जपमाळ हातात आहे, खोटं लिहिणार नाही. हे गेल्या हिवाळ्यात सुरू झालं... अजून संपलेलं नाही.

पहाट होती. मागची खोली. माळ पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही, हे माझं रोजचं व्रत. शेजारी खाटेवर सासूबाई. कंबर मोडल्यापासून त्यांना कूसही बदलता येत नाही.

टक...

टक... टक...

दगडावर काठी आपटावी तसं. भिंतीच्या आतून.

मग एक चिडका आवाज... “सरक.”

मी डोळे उघडले.

भिंतीला पोट आलं होतं. जाळी खाटेला टेकली होती.

माळ संपताच ह्यांना उठवलं.

“दगड बसतात गं,” हे म्हणाले. “पोट कोणाला सुटत नाही? माझं बघ.”

मग जाळीवरून हात फिरवला. एकही तार तुटलेली नव्हती. सैलसुद्धा नव्हती. हे हसायचे थांबले.

खाट खोलीच्या मधोमध ओढली.

दुपारी पाणी द्यायला गेले...

जाळी पुन्हा खाटेला टेकलेली. सासूबाईंच्या दंडावर तारेचे लाल वळ.

“दगड कुठून आणलेस रे?” त्यांनी लेकाला विचारलं.

“काकांच्या बांधाचे. नुसते पडून होते. काका गेले, मागे कोणी नाही.”

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या बांधावरून सासरे आणि काका, दोघे सख्खे भाऊ, जन्मभर भांडले होते. काका रोज काठीने त्याचा दगडन् दगड ठोकून बघायचे.

“भाऊजी म्हणायचे, बांधाला हात लावाल तर तुमच्या घरात येऊन बसेन.” त्या भिंतीकडे बघत राहिल्या. “आणि तू त्यांना हाताने बसवलंस.”

“आई, पुढच्या खोलीत नेतो तुला.”

“तिथल्या भिंती कसल्या आहेत?”

“मग बाहेर चल.”

“मी का जाऊ? घर माझं आहे.”

भिंतीतून आवाज आला नाही. पण ते ऐकलं गेलं, एवढं मला कळलं.

दुसऱ्या पहाटे खाट कुरकुरली.

“सरक...”

जाळी सासूबाईंच्या छातीवर होती. तोंड उघडं, श्वास आत जात नव्हता. माझी माळ अर्धी राहिली होती.

मी बोलले.

“काका, त्यांना सोडा. तुमचा दगडन् दगड मी बांधावर नेऊन ठेवीन.”

टक...

“बघतो.”

सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. श्वास परतला.

हे दारात उभे होते. “दगड नेलेस तर घराचं राहील काय?”

“आई राहतील.”

ह्यांनी पक्कड आणून दिली.

मी झाकणाची शिवण उसवली आणि वरचा दगड उचलला. एवढ्या थंडीत तो कोमट होता... नुकतंच कोणीतरी उठून गेल्यासारखा.

तो पदरात घेतला आणि बांधाच्या वाटेला लागले.