राखीव घाव

माझा धंदा मारामारीचा आहे, पण परवापरवापर्यंत मी कुणाला साधी चापटही मारलेली नव्हती. पडद्यावर ठोसा बसतो तेव्हा चित्रीकरणात तो लागलेलाच नसतो, मग आवाज कुठला येणार? तो मी नंतर माझ्या खोलीत बसून काढतो. चामड्याच्या जुन्या जाकिटात ओली वर्तमानपत्रं आणि कोबीचा गड्डा कोंबला की छाती तयार. हाड मोडायचं असेल तर गाजर. एवढी भाजी नेऊनही मी असा काटकुळा कसा, हे भाजीवालीला पडलेलं जुनं कोडं आहे.

‘परतीचं यान’ या मालिकेचे अकरा भाग मी असेच ठोकून काढले. बारावा यायच्या आत वाहिनीने मालिका बंद केली. चालू होती तेव्हा फारसं कुणी बघत नव्हतं, बंद पडल्यावर मात्र जो तो हळहळायला लागला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं मी एकदा जेवताना म्हणालो, तर धाकटीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

धाकटी म्हणजे माझी बहीण. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिला लहानपणापासून दमा आहे, श्वास आत घेताना शेवटी एक बारीक शीळ वाजते. भिंतीपलीकडून ती शीळ ऐकू आली की मला झोप लागते. पण मालिका बंद झाल्यापासून सहा आठवडे ती कामावर गेली नव्हती. अकराव्या भागाच्या शेवटी यानात कुणीतरी शिरतं. अंगात अंतराळपोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, त्याच्या काळ्या काचेमागचा चेहरा दिसत नाही. कप्तानबाई लोखंडी पाना उचलते आणि भाग संपतो. आत कोण होतं ते कुणालाच कळलं नाही. या एका प्रश्नापायी धाकटी घरातलं माणूस गेल्यासारखी रडायची. शेवटी दुकानातून निरोप आला: सोमवारी आली नाहीस तर दुसरी मुलगी ठेवतो.

माझ्याकडे बाराव्या भागाची दीड मिनिटं होती. आवाज घालायला म्हणून आली आणि तशीच मुकी पडून राहिली. कप्तानबाई त्या शिरस्त्राणवाल्याला पान्याने हाणते, सात घाव, आणि चित्र तुटतं.

“एकदा आवाजासकट बघू दे, दादा,” धाकटी म्हणाली. “मग सोमवारी जाते. शप्पथ.”

मी हो म्हणालो. तिची नोकरी राहत असेल तर सात घाव म्हणजे काय मोठंसं!

रविवारी दुपारी चारला ती आली ती दोन सुतकी चेहरे घेऊनच. एक ग्रंथपाल, दाराएवढा रुंद आणि आवाजाने मांजर. दुसरी दातांची डॉक्टर. तिघांची ओळख मालिकेमुळेच झालेली. माझ्या खोलीला खिडकी नाही, भिंतींना फोम आहे, आणि तिघं बसली की चौथ्याला उभं राहावं लागतं. मी जाकीट मेजावर आवळून बांधलं, पाना घेतला, चित्राकडे बघत सात घाव घातले. मग आठवा.

आमच्या कामात ही सवयच असते. चित्र संपलं तरी एक घाव जास्तीचा मारून ठेवायचा, मधला एखादा बिघडला तर तिथे लावता येतो. त्याला राखीव म्हणतात. पंचवीस वर्षांत मी राखीव घेतला नाही असं एकदाही झालेलं नाही.

राखीवासकट आवाज जोडून मी चित्र लावलं. दिवा बंद. तिसऱ्या घावाला माझ्यामागे कुणीतरी “हं” केलं. सातवा झाला. चित्र तुटलं नाही. कप्तानबाईने पाना पुन्हा उचलला आणि आठवा घाव शिरस्त्राणावर घातला. काळ्या काचेवर एक रेघ उमटली.

“हे तर कुणीच पाहिलेलं नाही!” डॉक्टर ओरडली.

माझ्या कागदावर सात लिहिलं होतं. मोजण्यात चूक झाली असेल असं म्हणून मी बाहेर जाऊन मालिकेच्या संकलकाला फोन केला. तो म्हणाला, “सातच. सातव्याला बाईंचं मनगट मुरगळलं आणि सगळं आवरलं. आठवा कुठून आणलास?”

आत आलो तर धाकटी चष्मा पुसत होती. डाव्या काचेला तडा होता. पडला म्हणाली.

मी हिशेबी माणूस आहे. एकदा घडलं तर चूक, दोनदा घडलं तर बघू. मी पुढे आणखी तीन घाव जोडले आणि कानांवर हेडफोन चढवून आठव्याच्या पुढून चित्र लावलं. नववा, दहावा, अकरावा. तिन्ही दिसले. कप्तानबाईला धाप लागलेली, शिरस्त्राणवाला गुडघ्यांवर, काचेवर रेघांचं जाळं. ग्रंथपाल लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता.

मी मात्र ऐकत होतो. दोन घावांच्या मध्ये श्वास होता. मी तो काढलेला नव्हता. चित्र थांबवून नुसता आवाज लावला तर तो नव्हता. शिरस्त्राणाच्या आतून कुणीतरी श्वास घेत होतं आणि शेवटी बारीक शीळ वाजत होती.

मी दिवा लावून मागे पाहिलं. धाकटीने तोंडावर रुमाल दाबून धरला होता. ती श्वासच घेत नव्हती.

मी तिची बाही वर सारली. खांद्यापासून कोपरापर्यंत काळंनिळं. पान्याच्या तोंडाची खूण ओळखू येत होती.

“तुला कधी कळलं?”

“तिसऱ्याला.”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तू थांबवलं असतंस.” तिचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. “काच फुटत आलीय, दादा. आत कोण आहे ते कळू दे. मार.”

मी पाना कोपऱ्यात भिरकावला. बास, घरी जा सगळे, म्हणालो.

ग्रंथपालाने मला भिंतीला दाबलं. त्याचा पंजा माझ्या गळ्यावर होता आणि आवाज तसाच मऊ. “तिची हरकत नाहीये ना? मग तुम्ही कशाला मध्ये पडता?”

डॉक्टरने पाना उचलला. तिने चित्र आणि आवाज टिपायचं यंत्र चालू केलं. जाकिटावर बारावा घाव पडला त्याच क्षणी कप्तानबाईचा हात खाली आला.

धाकटीच्या खांद्यातून गाजर मोडल्याचा आवाज आला. मी तो आवाज शेकडो वेळा केला आहे. तो असाच असतो.

तेरावा. ती खुर्चीतून खाली पडली. पडल्या पडल्या मान उचलून पडद्याकडे बघत राहिली.

“आणखी,” ती म्हणाली.

मी ग्रंथपालाच्या मनगटाचा चावा घेतला. रक्ताची चव आली. त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं. फोम होता म्हणून मी वाचलो.

चौदावा. तिची भुवई फाटली. डॉक्टर रडत होती आणि मारत होती.

माझ्या हाताला माइकचा लोखंडी स्टँड लागला. मी तो ग्रंथपालाच्या तोंडावर घातला. नाक मोडलं. तो आवाजही ओळखीचा निघाला.

मी भिंतीतून वायर उपटली.

पडदा काळा झाला. डॉक्टरचा हात वर गेलेला होता, तो खाली आला. पंधरावा घाव काळ्या पडद्यासमोर जाकिटावर पडला. धाकटी हलली नाही. तिला तो लागला नव्हता.

मी तिला दोन्ही हातांवर उचलून रस्त्यावर नेलं.

गळपट्टीचं हाड, दोन बरगड्या, भुवईला सहा टाके. जिन्यावरून पडले, असं तिने सांगितलं. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माझे सोललेले हात पाहिले आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी गुपचूप सोसली. अकरा घाव माझेच होते.

रुग्णालयातून खोलीवर परतलो तेव्हा दार उघडंच होतं. जाकीट मेजावर तसंच होतं. आवाजाचं यंत्र नव्हतं. ते बॅटरीवर चालतं, वायर उपटली तरी बंद पडत नाही, म्हणजे पंधरावा घावही त्यात राखीव पडलेला. चित्राची प्रतही गेली होती. मी ग्रंथपालाच्या घरी तीनदा गेलो, कुलूप. डॉक्टरचा दवाखाना बंद. दोघांचे फोन बंद.

धाकटीने शब्द पाळला. पाच आठवड्यांनी दुकानात गेली, आणि हाड मोडलंय म्हटल्यावर त्यांनीही ठेवून घेतली. जेवायला लागली, हसायला लागली. मालिकेचं नावसुद्धा काढत नव्हती. मला मनातून फार बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

काल रविवार होता. दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत होतो. तिच्या फोनवर काहीतरी आलं. तिने वाचलं, फोन पालथा ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला तीन मिनिटं होती.

“दादा, एवढ्या शेंगा तू सोल हं,” ती म्हणाली.

मग तिने नवा चष्मा काढला, दोन्ही काचा फडक्याने नीट पुसल्या, तो डबीत ठेवला आणि डबी फडताळात अगदी आत सरकवून दार लावलं. खुर्ची भिंतीपासून लांब ओढली. बसली. डोळे मिटून तिने एक लांब श्वास घेतला आणि शेवटी ती बारीक शीळ वाजली.