परतीचं सामान

पेटी रस्त्याच्या मधोमध होती आणि तिच्यामागे कापसाच्या गाड्यांची रांग खोळंबली होती.

ते दिवसच तसे होते. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि इकडे अकोल्याच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याला बैलाची शेपटी धरता येई, तो गाडीवान झाला. रईसाने सुताराकडून पेटी घेतली, ती उचलायला हमाल ठरवला. पण वाटेत एका अडत्याने त्याला हाक मारली आणि तो पेटी तिथेच टेकवून कापसाच्या गठ्ठ्यांकडे पळाला. आता ओढणी पुढे ओढून रईसा पेटीशेजारी उभी होती. उचलवत नाही आणि सोडून जाववत नाही.

पहिल्या गाडीवरचा माणूस खाली उतरला. उंच, सावळा, आणि दाढीत कापसाचे दोन-चार तंतू अडकलेले.

"पेटी कोणाची?"

"माही."

"कुठं चालली?"

"मक्केले."

त्याने पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अन् कोणासंगं?"

या प्रश्नावर मात्र रईसाची जीभ टाळूला चिकटली. कारण तिला न्यायला कोणीच नव्हतं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. आई गेली ती 'माहा सलाम तिथं पोचव' एवढंच बोलून गेली, आणि आईच्या वाट्याचं शेत विकून प्रवासाची सोयही झाली होती. पण बाईला हजला जायचं तर मेहरम हवा – नवरा, बाप, भाऊ, मुलगा. रईसाचा भाऊ दर वर्षी म्हणायचा, पुढच्या साली जाऊ, औंदा भाव चढलाय. भाव दर वर्षी चढतच होता. शेवटी भावावरच्या रागाने तिने आज पेटी विकत घेतली होती. पेटी घेतली की माणूस आपोआप निघतो, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

त्या माणसाने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने पेटी उचलून कापसावर ठेवली, बैलांना चुचकारलं आणि मान न वळवता म्हणाला, "मांगं मांगं चालत या. पेटीचं घर मले ठाऊक नाई."

ती मागे मागे चालत घरी आली. वाटभर कापूस उडून तिच्या ओढणीवर बसत होता आणि तिला, का कोण जाणे, तो झटकावासा वाटला नाही.

त्याचं नाव इनायतुल्ला. जातीचा पिंजारी. पण कापूस इतका महाग झाला होता की गाद्या-रजया भरून घ्यायला कोणी बोलावीना. बोटभर कापूससुद्धा मुंबईला चालला होता. तेव्हा त्याने पिंजण, कापूस पिंजायचं ते तांतीचं धनुष्य, खुंटीला टांगलं आणि गाडी-बैल घेतले. ज्यांच्यासाठी कमवावं ती बायको आणि तान्हं मूल मात्र त्याच्या आधीच्याच साली पटकीत गेली. त्यामुळे पैसा आला तोही रिकाम्या घरात येऊन पडला.

हे सगळं रईसाला कळलं ते अब्दुल गफ्फार चाचांकडून. पातूरचे हे चाचा, नात्याने कोणाचेच नव्हेत पण सगळ्यांचेच चाचा, त्या साली चाची आणि आणखी काही यात्रेकरूंना घेऊन निघणार होते, आणि इनायतुल्लाही त्यांच्याबरोबर जाणार होता. चाचांनी दोघांना आपल्या ओसरीवर बसवलं, मध्ये पडदा लावला आणि सरळ विचारलं – हिला मेहरम पाहिजे, तुला कोणी नाही, मग निकाह का करत नाही? पडद्यापलीकडून इनायतुल्ला म्हणाला, "मले चालते. त्या परत आल्या का मोकळ्या. मी अडवणार नाई."

'निकाह खरा लागतो रे, नावाचा नाई,' असं चाचा पुटपुटले. पण दोघांनीही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

निकाह झाला. ठरल्याप्रमाणे तो आपल्या घरी राहिला आणि ती आपल्या. रईसाच्या घरात तिची सितारा फुफी, म्हणजे आत्या, होती, पण फुफीला ऐकू येत नसे; तिच्याशी बोलणं म्हणजे ओरडणं, आणि मनातल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. म्हणून रईसा संध्याकाळी भाकरी झाल्यावर पेटीशी बोलायची. तिच्यावर कोपर टेकून म्हणायची, आज हे झालं, आज ते झालं. निकाहानंतरही तिची संध्याकाळ तीच राहिली. लग्न झालेल्या बाईने पेटीशी बोलत बसावं, याचं तिचं तिलाच हसू यायचं.

रमजानची ईद झाली आणि बांधाबांध सुरू झाली. रेल्वे अजून अकोल्यापर्यंत पोचली नव्हती. गाडीने खानदेशात जायचं, तिथून आगगाडीने मुंबई, आणि पुढे जहाज. जहाज कोणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सल्ले मात्र सगळ्यांकडे होते. शेजारच्या माणिकबाईंनी लोणच्याची बरणी आणून दिली, वर बजावलं की समुद्रात पोट ढवळतं, लिंबाची फोड तोंडात धरायची. कोणी सत्तू आणलं, कोणी सुंठ. फुफीने तर पाटा-वरवंटाच बांधायला घेतला, तो इनायतुल्लाने हळूच काढून पुन्हा चुलीजवळ नेऊन ठेवला.

जहाजावर उघड्या फळ्यांवर निजावं लागतं असं चाचांनी सांगितलं, तेव्हा इनायतुल्ला पिंजण घेऊन तिच्या अंगणात आला. किती दिवसांनी मोहल्ल्यात तांतीचा तो तुण्ण तुण्ण आवाज उठला! बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. हा कापूस विकायचा सोडून पिंजतोय काय, म्हणून हसल्या. रईसा खोळी शिवत ओट्यावर बसली होती. कापूस फुलत होता, उडत होता, उन्हात तरंगत होता.

"पापणीवर बसला," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"कापूस. तुमच्या."

तिने डोळे चोळले. "गेला?"

"नाई." तो थांबला. मग पिंजणाकडे पाहत म्हणाला, "राहू द्या. बरा दिसते."

रईसाने सुई अशी काही घाईने खोळीत घातली की ती बोटात गेली. तिने बोट तोंडात धरलं आणि हसू त्याच्याआड लपवलं. रईसा माहेरच्या माणसांशी घरातली दखनी उर्दू बोलायची. याच्याशी मात्र बाजारातली वऱ्हाडीच चालली होती, कारण हा घरातला कुठे होता? पण त्या दुपारी तिला पहिल्यांदा वाटलं, की असता तर...

संध्याकाळी गाद्या भरून झाल्या. दोन. दोन्ही अरुंद, एकेकट्या माणसापुरत्या. त्याने त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मध्ये हातभर जागा सोडली. रईसाने ती जागा पाहिली आणि तिच्या मनावर पुन्हा मळभ आलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पेटी भरायला घेतली. तिचे कपडे डावीकडे, त्याचे उजवीकडे. एहरामची, म्हणजे हजला अंगावर घ्यायची बिनशिवलेली कापडं. मग दोघांची कफनं – वाटेत काही झालं तर असावीत म्हणून सगळेच नेत. चाचीने सांगून ठेवलं होतं की तिथे झमझमच्या पवित्र विहिरीच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची आणि घरी परत आणायची. रईसाने तेच त्याला सांगितलं.

"माहं परत आणायचं काम नाई पडणार," तो सहज म्हणाला.

ती थबकली. तिने पेटीची उजवी बाजू नीट पाहिली. परतल्यावर घालायला एक धड अंगरखा नव्हता. इतके दिवस डोळ्यांसमोर असून न दिसलेलं आता एकेक करून दिसू लागलं. बैल त्याने विकले होते. घर चुलतभावाला देऊन टाकलं होतं. अंगणातून नेलेलं पिंजण कालच दुसऱ्या पिंजाऱ्याला देऊन आला होता.

"तुमी वापस येणार नाई," ती म्हणाली.

त्याने नाकारलं नाही. तो पेटीच्या कडीशी चाळा करत बसला. "इथं घरी गेलं का सगळ्यायच्या घरी दिवा असते, अन् माह्या घरी अंधार. रस्त्यावरून येतानाच दिसते तो. तिथं सगळेच परके. कोणीच कोणाची वाट पाहत नसन. तिथं बरं वाटन मले."

रईसाला ते सगळं कळत होतं. कोणी सांगायची गरज नव्हती; त्या अंधाराची ती जुनी भाडेकरू होती. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

"अन् मी कोणासंगं येऊ?"

"चाचा हायेत ना."

"चाचा चालत असते, तर तुमच्यासंगं निकाह काहून केला असता मी?"

इनायतुल्लाचा हात कडीवरच राहिला. मेहरम जाताना लागतो तसा येतानाही लागतो, ही एवढी साधी गोष्ट त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आली नव्हती. जाण्याचा विचार त्याने इतका केला होता, की येण्याला डोक्यात जागाच उरली नव्हती. त्याचा चेहरा असा पडला की एरवी रईसा पोट धरून हसली असती.

"चुकलंच," तो म्हणाला. "येतो. अकोल्यापर्यंत सोडतो तुमाले."

"अन् मंग?"

"मंग तुमी मोकळ्या. शब्द दिला हाय मी."

दिलेला शब्द पाळायला निघालेला माणूस! त्याला काय बोलावं? तो गेल्यावर ती पेटीवर कोपर टेकून बसली, पण पेटीशीही बोलवेना. आजवर तिला एकटं वाटायचं ते कोणी नाही म्हणून. आता कोणीतरी होतं आणि ते निघून जाणार होतं. हे एकटेपण पहिल्यापेक्षा फार वाईट होतं. ती उठली. फुफीचा जाड दोरा घेतला, मोठी सुई घेतली आणि दार लावून दुपारभर शिवत बसली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी चाचांची गाडी दारात येऊन थांबली. हजला निघणाऱ्याने ज्याच्या त्याच्या दारी जाऊन कहासुना, म्हणजे बोललं-चाललं, माफ करून घ्यायचं असतं; कोणाचं मन दुखावलेलं ठेवून त्या वाटेला लागायचं नसतं. रईसा सगळा मोहल्ला फिरून आली. माणिकबाईंनी तर माफी मागू दिलीच नाही, नुसतं पोटाशी धरलं. भाऊही आला होता. तो मान खाली घालून उभा राहिला आणि तिने त्यालाही माफ केलं.

शेवटी उंबरठ्यावर इनायतुल्ला तिच्यासमोर आला. बाकीचे गाडीकडे होते. त्याने हात जोडल्यासारखे केले. "काही बोललो असन, काही चुकलं असन... माफ करा."

"नाई," रईसा म्हणाली.

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"नाई करत माफ. तुमी माह्यासाठी कापूस पिंजला. माह्या पापणीवरचा राहू द्या म्हणाले. अन् हे सगळं करून वर मले मोकळी करून राहिले." तिची नजर खाली गेली नाही. "हे कोणी माफ करते का? वापस या. याच उंबरठ्यावर उभे राहा, अन् मंग मागा. मंग पाहीन."

"अन् तेव्हाही नाई केली तर?"

"तर रोज मागा."

मग त्याच्या दाढीत, तिने पहिल्या दिवसापासून कधी न पाहिलेलं हसू हळूहळू उमटलं. तो गाद्या गुंडाळायला वाकला. एक ओढली तर दुसरी तिच्यामागे आली. त्याने पुन्हा ओढलं. दोन्ही गाद्या एका कडेला जाड दोऱ्याने, जवळ जवळ टाके घालून, एकत्र शिवलेल्या होत्या.

"हे काय?"

"जहाजावर वारा असते म्हणे," रईसा दुसरीकडे पाहत म्हणाली. "दोन असल्या तर एखादी उडून जाईन."

त्याने त्या शिवणीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गादी गुंडाळली, पाठीवर घेतली आणि दाराबाहेर पडता पडता रईसाच्या भावाजवळ थांबून एवढंच म्हणाला, की त्या पिंजाऱ्याकडून माझं पिंजण आणून इथे, हिच्या घरी, खुंटीला टांगून ठेवा. तांत सैल करून ठेवा म्हणजे तुटणार नाही.

गाडी निघाली. बाजाराच्या रस्त्यावर, जिथे त्या दिवशी पेटी अडकली होती, तिथे समोरून कापसाच्या गाड्या आल्या आणि चाचांची गाडी थांबली. इनायतुल्ला गाडीच्या बाजूने पायी चालत होता. तो रईसाच्या जवळ आला आणि अनोळखी माणसासारखं तोंड करून त्याने विचारलं, "बाई, पेटी कुठं चालली?"

"मक्केले."

"अन् कोणासंगं?"

या वेळी रईसाची जीभ अडखळली नाही.

"ज्याले अजून माफ नाई केलं," ती म्हणाली, "त्याच्यासंगं."