तिसरं मत

सगळ्यात आधी खटकलं ते मत. पडद्यावर दोन मतं दिसायला हवी होती. तीन दिसत होती.

अलिबागच्या आमच्या हॉस्पिटलचे रात्रीचे वॉचमन रामचंद्रकाका ही गोष्ट नव्या नर्सना सांगतात. लाइट गेली की हमखास. "माझ्या वळखीतल्या एका पोरीला झालेलं हाय," अशी सुरुवात करतात. ती पोरगी मी. काका त्या रात्री अमावास्या घालतात आणि मला फार धीट करून टाकतात. अमावास्या आदल्या दिवशीच संपली होती. २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवारची रात्र, घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. आणि धीट म्हणाल, तर लिफ्टचं दार आपटलं तरी मी ओरडते.

हॉस्पिटलच्या सगळ्या नोंदी दोन सर्व्हरवर चालतात. दोघांचा साठा एकच. एक बंद पडला तर दुसऱ्याने त्याचं काम उचलायचं. पण दोघेच असले की घोळ होतो. मधली तार तुटली तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा मेला. मग दोघेही एकाच साठ्यावर लिहायला लागतात आणि सगळं नासतं. म्हणून तिसरा लागतो, लांबचा. त्याने काम काही करायचं नसतं, फक्त मत द्यायचं. तिनातली दोन मतं ज्याच्याकडे, तो चालणार. एकटा पडला तो गप्प बसणार.

ही जोडणी कमलेशने केली होती. मला हे काम त्यानेच शिकवलं. तिसरं मत देणारा डबा, साबणाच्या डबीएवढा छोटासा कॉम्प्युटर, त्याने आक्षीला स्वतःच्या घरी ठेवला होता, टीव्हीच्या मागे. म्हणायचा, "आमच्या घरान आईचंच मत चालतं. तुमच्या सर्व्हरला पन तेच ऐकाया लागंल." रात्रपाळी संपली की स्वतःचं घर मागे टाकून मला नागावपर्यंत सोडायला यायचा.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तो त्याच्या चुलत्याच्या होडीवर हात द्यायला गेला. होडी उलटली. तिघे पोहून आले. तो आला नाही. सापडलाही नाही.

सगुणामावशी, त्याची आई, आक्षीचं घर बंद करून मुलीकडे, किशोरीताईकडे पालीला गेल्या. डबा त्यांनी सोबत नेला, त्याच्या शर्टात गुंडाळून. त्या दिवशी मी तिथे होते, 'ऑफिसातली मुलगी' म्हणून. ते कोळी, आम्ही बौद्ध. दोन्ही घरी दिवाळीत सांगायचं ठरलं होतं. म्हणजे मी त्याची कुणीच नव्हते. रडायलासुद्धा मी मागच्या मोरीत गेले. डब्याला वीज देणारी वायर तेवढी भिंतीवर लोंबकळत राहिली होती. ती मी चोरली. तेव्हापासून ती माझ्या पर्समध्ये असते.

आणि तेव्हापासून पडद्यावर मतं दोनच.

त्या रात्रीचं काम तसं सरळ होतं. विवेकसरांनी पनवेलहून फोनवर सांगितलं, "मैत्री, सिंपल है. कमलेशचा डबा लिस्टमधून उडव, नवीन अ‍ॅड कर, मग एका सर्व्हरचा प्लग खेच. दुसरा उठला की मला मेसेज टाक. मी झोपतो." तासभर सगळं कागदावर लिहा, असं नर्सना आधीच सांगून ठेवलं होतं. कुणाचं काही अडणार नव्हतं.

त्याचं नाव काढून टाकायची ओळ मी टाइप केली. बोट एंटरवर ठेवलं.

आणि वर बघितलं, तर तीन.

वाटलं, आकडा अडकला असेल. पुन्हा उघडून बघितलं. तीन. तिसऱ्या नावापुढे लिहिलेलं होतं... हजर.

सरांना फोन लावला. उचलला नाही. दारात काका चहा घेऊन उभे. मी केवढी दचकले.

"काय गो मैत्रीबाय, पांढरीफटक पडलीस ती?"

"काका, इथे कुणी येऊन गेलं का?"

"मी बसलोय ना दारावर. डास पन इचारून आत जातो."

मी हसले नाही.

तेव्हा एंटर दाबायला हवं होतं. नाही दाबलं. आकडा खोटा असेल, तर एक सर्व्हर पडल्यावर दुसरा एकटा पडेल आणि गप्प बसेल. खरा असेल, तर...

मला बघायचं होतं. मी पहिल्या सर्व्हरचा प्लग खेचला.

यंत्र साठ सेकंद वाट बघतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर समोरचा मेला असं धरून चालतं. कायदा सात वर्षं थांबतो. मावशींनी मुदतच ठेवली नव्हती. आणि मी किती थांबायचं... ते मला कुणी विचारलंच नव्हतं.

वीस.

चाळीस.

काकांनी कप खाली ठेवला. आवाज नाही केला.

पंचावन्न.

साठ.

काही नाही...

मग दुसऱ्या सर्व्हरचा पंखा घरघरला. एकेक करून सगळं उठलं. ओपीडी. लॅब. औषधांचा साठा. पडद्यावर एकच ओळ.

मतं: दोन.

एक त्याचं स्वतःचं.

दुसरं...

"काय झालं गो?" काका कुजबुजले.

मी पर्स उघडली. वायर होती. गुंडाळलेली, मी ठेवली होती तशीच. टोकाला बोट लावलं.

कोमट.

आधी ती ओळ पुसली. त्याचं नाव काढून टाकायची. एकेक अक्षर.

मग सरांना फोन. नाही उचलला. किशोरीताईला. नाही. मग तो नंबर, जो माझ्याच्याने अजून खोडवलेला नाही. बंद.

उरला एकच. त्यानेच कधीतरी दिलेला, 'आई' म्हणून. त्यावर मी आजवर कधी फोन केला नव्हता.

रिंग जात राहिली. काका माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे.

फोन उचलला गेला.

हॅलो नाही. नुसता श्वास. जागं असलेल्या माणसाचा.

मी कोण, हे तरी काय सांगणार होते?

"मैत्री..." मावशी म्हणाल्या. माझं नाव त्यांना ठाऊक असेल, असं मला कधीच वाटलं नव्हतं.

"मैत्री, तुज्याकरं पन आला काय गो?"