यारीवरची पाळी

हरिहरपंत करंदीकरांना भूत या शब्दाचाच कंटाळा होता. तरीही पुढे सांगितले आहे ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडले; त्यात पदरचे काही घातलेले नाही. साल १८८७, पौषातली धुक्याची सकाळ. जागा, कल्याणच्या खाडीवर दुरुस्तीला काढलेला एक पूल.

पंत त्या कामावर ओव्हरशियर होते. पुण्याला शास्त्र शिकलेले.

पुलावर दगड उचलायची यारी होती. माणसे तिचे चाक फिरवीत आणि दाते वाजत... टक्... टक्... दगड लोंबकळत असताना खालून होडी जाऊ नये म्हणून यारीवरचा धोंडीबा वरून ओरडे, "थांबा." दगड बाजूला झाला की, "जावा." खाडीतला प्रत्येक नाखवा ती हाक ऐकूनच पुढे सरे.

मग एक दिवस यारी कोसळली.

धोंडीबासकट.

पुलावर उरला तिचा चौथरा. सांगाडा खाडीत आडवा पडला आणि मिठाचे, गवताचे मचवे दोन्ही अंगांना अडकून राहिले. धोंडीबा सापडलाच नाही. पंत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून रोज खोली मापत. झोप अशी नव्हतीच. अखेर पुलाच्या काठालगतच्या गाळ्यातून, दोन खांबांमधून, होडीपुरती वाट निघाली. तीही भरती पुरी असेपर्यंतच.

त्या वाटेने पहिली होडी आली महिपत नाखव्याची, ठाकुर्लीच्या अंगाकडून. आत त्याची बायको मालन, बाळंतपणात अडलेली. उशाशी सासू रंगूबाई. दवाखाना पुलापलीकडे, आणि काठाने जावे तर मांडीभर चिखल.

पुलापाशी येताच महिपतने वल्ही उचलली.

होडी थांबली.

वाट मोकळी असल्याचे पंतांनी वरून सांगितले. महिपत हलला नाही. हाक आलेली नाही, म्हणाला.

"हाक देणारा मेला, महिपत."

"ठावं हाय, रावसाब. पण चाक फिरतंय नं."

पंतांनी कान दिला...

टक्... टक्... टक्...

आवाज पाण्याखालून येत होता.

पंतांनी लगेच कारण शोधले. प्रवाहाच्या ओढीने चाक फिरत असणार. मग त्यांनी पाण्याकडे पाहिले. भरती पुरी होऊन पाणी निवांत उभे होते. तरंगणारी काडीसुद्धा जागची हलत नव्हती.

टक्... टक्...

मालन कण्हत होती. हळूहळू तिचे कण्हणेही मंदावले.

रंगूबाईने मान वर केली. "आजून दोन जीव पान्यात जातील तवा तुमचं मोजणं सरंल का, रावसाब?"

पाणी उतरू लागले की वाट बंद. पंतांच्या अंगात वाद घालायचे त्राण नव्हते. भीतीची समजूत घालत बसण्यापेक्षा तिला हवे ते देऊन टाकणे सोपे, एवढाच विचार त्यांनी केला. ते चौथऱ्यावर चढले, तोंडाभोवती हात धरले, आणि धोंडीबाच्या सुरात ओरडले...

"जावा!"

टकटक थांबली.

महिपतने वल्ही पाण्यात टाकली. होडी गाळ्यातून सुखरूप पार झाली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. पंतांनी श्वास सोडला.

तेवढ्यात पाठीशी, अगदी कानाजवळ, ओल्या घोंगडीचा वास आला...

"लई दमलो व्हतो, रावसाब."

पंत वळले. चौथऱ्यावर कोणी नव्हते. दगड कोरडा होता.

मालन वाचली. तिची मुलगीही. महिपत मासळी घेऊन आला, तेव्हा पंतांनी ती हकिकत हसतहसत काढली. महिपत हसला नाही.

"पाळी घेतलीत तुमी," तो म्हणाला.

मग पंतांना आठवले. यारीवर पाळी कशी बदलते, हे त्यांनी रोज पाहिले होते. नव्या माणसाने पहिली हाक दिली, की जुना उतरून घरी जातो.

यारीचा सांगाडा खाडीतून निघाला. पूल पुरा झाला. पंतांना ठाण्याला बदली मिळाली. नौपाड्यात बिऱ्हाड थाटले. पण भरतीच्या सुमाराला ते अस्वस्थ होतात, कल्याणची गाडी धरतात, आणि पुलावर जाऊन हाक देतात. त्या सकाळच्या आवाजांना प्रतिध्वनी आणि जागरण, असे कारण ते आजही देतात. ते कारण चुकीचे आहे, असे कोणी सिद्ध केलेले नाही. मात्र पुलाखाली वल्ही उचलून थांबलेली होडी त्यांना प्रत्येक वेळी दिसते... आणि ती इतरांनाही दिसते.

त्यांची कृश होत चाललेली कुडी पाहून पत्नी उत्तराबाई एकदा सोबत आल्या. चौथऱ्याच्या जागी उभ्या राहिल्या.

"तुम्ही बसा घटकाभर," त्या म्हणाल्या. "आज मी देते हाक."

भुताखेतांवर विश्वास नसलेल्या हरिहरपंतांनी, भर दिवसा, चारचौघांदेखत, उत्तराबाईंचे तोंड हाताने घट्ट दाबून धरले.