शिट्टी थांबली तेव्हा

छातीत वाजणारी शिट्टी थांबली, तर हसायचं की घाबरायचं? शर्वाणी तांडेलला हा प्रश्न त्या शनिवारी सकाळी कुणी विचारला असता, तर तिनं लगेच उत्तर दिलं असतं. आणि ते चुकलं असतं.

शर्वाणी सहावीत होती. तिच्या खाडीकाठच्या गावाला येणारा रस्ता डोंगराला वळसे घालत यायचा, म्हणून दवाखानाच पाण्यावरून यायचा. ‘प्राणदा’ नावाची ती पांढरी बोट उन्हावर चालायची आणि आपली वाट आपणच शोधायची. बोटीवर वसईच्या सिस्टर ग्लोरिया तुस्कानो असायच्या आणि त्यांच्या सोबतीला श्रवण नावाचा यंत्रमानव. श्रवणचे कान डोक्याला नव्हते. ते त्याच्या तळव्यांत बसवलेले होते.

त्या सकाळी शेजारी कुणीतरी डास पळवायला नारळाची सोडणं पेटवली. धूर सरळ तांडेलांच्या घरात शिरला. शर्वाणीचा धाकटा भाऊ निहार याला दमा होता. तो खोकू लागला, मग त्याच्या छातीतून सूंऽऽ सूंऽऽ अशी शिट्टी वाजू लागली. आईनं त्याच्या तोंडात इनहेलरचा (औषधाचा फवारा देणाऱ्या छोट्या डबीचा) फवारा मारला. पुन्हा मारला. काही फरक पडेना. नशिबानं ‘प्राणदा’ धक्क्याला लागलेली होती. आईनं निहारला उचललं आणि ती धावत सुटली. मागोमाग शर्वाणी.

सिस्टरनी निहारला ताठ बसवलं, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला आणि क्षणभर त्याच्याकडे नुसतं निरखून पाहिलं.

“तुझं नाव काय रे, बाळा?”

“नि... हार... तां...” त्याला पुढे बोलवेना.

“ताई, बघा,” सिस्टर आईला म्हणाल्या, “नावसुद्धा एका श्वासात पुरं होत नाहीये. गळ्याखाली खड्डा पडतोय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय. म्हणजे श्वास घ्यायला त्याला फार जोर लावावा लागतोय.”

“मी औषध दिलं हो, सिस्टर. दोनदा दिलं!”

“दिलंत ते बरोबरच केलंत. पण फवारा सरळ तोंडात मारला की बरंचसं औषध जिभेवर आणि घशातच आपटतं. ते खाली पोचायला हवं.” त्यांनी इनहेलरला स्पेसर (औषध क्षणभर धरून ठेवणारी पोकळ नळी) जोडला. एक फवारा, मग त्याचे काही श्वास; पुन्हा एक फवारा, पुन्हा श्वास.

शिट्टी बारीक होत गेली. आणखी बारीक झाली. आणि थांबली.

“थांबली!” शर्वाणीनं टाळ्या वाजवल्या. “आई, थांबली गं!”

आईनं डोळे पुसले. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. निहारची मान एका बाजूला कलत होती. त्याच्या ओठांवर निळसर झाक आली होती. श्रवणनं दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर ठेवले.

“खालच्या भागात हवेचा आवाज नाही,” तो म्हणाला. “दोन्ही बाजूंना.”

सिस्टरचा हात भिंतीवरच्या लाल बटणावर पडला. पडद्यावर जिल्ह्याच्या रुग्णालयातले डॉक्टर मुकादम दिसू लागले आणि त्याच वेळी बोटीनं धक्का सोडला. सिस्टर भराभर सांगत होत्या, डॉक्टर औषधं सांगत होते. मुखवट्याला आता नेब्युलायझर (औषधाचं धुकं करणारं यंत्र) जोडलं गेलं. निहारच्या हातात सुई गेली, पण तो रडलासुद्धा नाही. शर्वाणीला त्याच्या न रडण्याचीच जास्त भीती वाटली.

“पण शिट्टी तर थांबली ना?” ती रडवेली होऊन म्हणाली. “मग तो बरा का होत नाही?”

“श्रवण, तिला दाखव,” हातातलं काम न थांबवता सिस्टर म्हणाल्या. “कळलं की भीती जरा कमी होईल.”

श्रवणनं एक तळवा निहारच्या पाठीवर तसाच ठेवला आणि दुसरा हवेत उघडला. त्यातून उजेड बाहेर आला आणि निहारच्या डोक्यावर एक झाड उभं राहिलं.

झाड उलटं होतं. खोड वर, फांद्या खाली. खोडाच्या दोन फांद्या, त्या प्रत्येकीच्या आणखी दोन, त्यांच्याही पुन्हा दोन, अशा फुटत फुटत त्या केसांहून बारीक झाल्या होत्या, आणि टोकाटोकाला इवलेसे फुगे लगडले होते. शर्वाणी रडायचं विसरली.

“हे... हे निहारच्या आत आहे?”

“तुझ्याही आत आहे,” श्रवण म्हणाला. “टोकाचे हे फुगे म्हणजे वायुकोश. इथे हवेतला प्राणवायू रक्तात जातो. मोठ्या माणसाचे सगळे वायुकोश उलगडून पसरले, तर बॅडमिंटनचं अख्खं मैदान झाकलं जाईल.”

खोडातून निळे ठिपके खाली येत होते. ती हवा होती. पण ठिपके फांद्यांपाशी अडत होते. खालचं सगळं झाड काळोखात होतं.

“धुरामुळे या नळ्यांना सूज आली आणि त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले गेले. वाट अरुंद झाली. अरुंद वाटेतून हवा घुसते तेव्हा शिट्टी वाजते.”

“आणि वाट अगदीच बंद झाली तर...” शर्वाणी थबकली. “मग वाजायलाही हवा उरत नाही!”

“अगदी बरोबर. बासरीत कुणी फुंकलंच नाही, तर सूर कुठून येणार?”

नेब्युलायझरचं धुकं झाडात सोनेरी दिसत होतं. ते एका फांदीशी घुटमळलं. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. आई निहारचे तळपाय चोळत होती. मग ती फांदी किंचित रुंद झाली आणि एक निळा ठिपका आत सरकला. त्यामागे दुसरा. शेजारची फांदी उजळली, मग तिच्या पोटफांद्या, मग एकदम खूपशा, दीपमाळेसारख्या.

सूंऽऽ.

शर्वाणी दचकली. सिस्टर मात्र पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या. “वाजली! वाजू दे, बाळा, खुशाल वाजू दे!”

बोट रुग्णालयाच्या धक्क्याला लागली तेव्हा निहारचे ओठ गुलाबी होते. तो आईला म्हणाला, “पाणी दे ना, आई.” एवढं वाक्य एका श्वासात!

निहारला काही दिवस रुग्णालयात राहावं लागलं. घरी सोडायच्या दिवशी सिस्टर ग्लोरिया मुद्दाम भेटायला आल्या. त्यांनी सगळं समजावलं आणि म्हणाल्या, “आता तुम्ही मला शिकवायचं.”

शर्वाणी सरसावली. “निळी डबी आवळलेले स्नायू सैल करते. ती त्रास झाला की घ्यायची. तपकिरी डबी सूज हळूहळू उतरवते, म्हणून ती रोज घ्यायची, बरं वाटत असलं तरी. ती घेतल्यावर चूळ भरायची.”

“तो महिनाभर बरा होता म्हणून मीच बंद केली होती तपकिरी,” आई हळूच म्हणाली.

“पुष्कळ जणांना तसंच वाटतं, ताई. बरा होता तो तिच्यामुळेच. आणि आवाज एकदम थांबला तर?”

“आधी निहारकडे बघायचं,” शर्वाणी म्हणाली. “तो बोलतोय का, बरगड्या ओढल्या जातायत का, ओठ कसे आहेत. तो थकलेला, गुंगीत असला तर एक क्षणही थांबायचं नाही. निळी डबी स्पेसरमधून देत देत रुग्णालय गाठायचं.”

सिस्टरबरोबर श्रवणही आला होता. आता तो आईपुढे वाकला.

“तुमची परवानगी हवी आहे. निहारच्या त्या दिवसाच्या श्वासाचा आवाज मी जपून ठेवू का? माझ्यासारखे आणखी पुष्कळ यंत्रमानव तयार होताहेत. दुसऱ्या खाड्यांवर जातील, डोंगरांत जातील. अशी शांत छाती कशी असते, ते त्यांना शिकायचं आहे.”

आईनं मान डोलावली.

“पण त्या दिवशी मी आजारी होतो!” निहार पलंगावरून ओरडला. “त्यांना बऱ्या मुलाचा श्वासपण कळायला हवा ना?”

त्यानं सदरा वर केला, श्रवणचा तळवा ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि गाल फुगवून, डोळे मिटून, मावेल तेवढी हवा आत घेतली.